गाडीचं पासिंग कधी झालं होतं?

मैत्रिणींनो, सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो. मुलीसाठी स्थळ आलं तर चार घरी चौकशी करतो. मग दोन-अडीच लाखांची जुनी गाडी घेताना नुसता रंग आणि गाद्या बघून ‘छान आहे हो’ म्हणून मोकळ्या का होतो? मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे अगदी हेच होणार होतं. थोडक्यात वाचलो, म्हणून आज हा विषय.

सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी सारखं नागपूरला न्यावं लागतं. तिरोड्याहून गाडी बदलत जाणं त्यांना आता झेपत नाही. तेव्हा जुनी का होईना, चारचाकी घ्यायचं ठरलं. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांच्या भावाची नऊ वर्षांची गाडी विकायची होती. किंमत दोन लाख साठ हजार. त्यातले साठ हजार माझ्या भिशीचे आणि शाळेच्या अर्धवेळ पगारातून साठवलेले. “एकच मालक, बेचाळीस हजार किलोमीटर, घरच्यासारखी वापरलेली,” असं ते गृहस्थ सांगत होते. ओळखीतले म्हटल्यावर कागद कसे मागायचे? हे तर इसार द्यायलाच निघाले होते. मी म्हटलं, “आधी एकदा लांब चालवून तर बघू.”

म्हणून रविवारी आम्ही सगळे नागझिऱ्याच्या चोरखमारा फाटकापर्यंत गेलो. फाटकाशी सफारीच्या गाड्या उभ्या होत्या. चहा घेताना एका चालकाशी बोलणं निघालं. मी सहज विचारलं, “तुमच्या गाडीची तपासणी होते का हो?” तो हसला. “होते ना ताई. आमची पिवळी पाटी. पासिंग चुकलं तं गाडी उभी राहते. तुमच्या पांढऱ्या पाटीले पंधरा वर्सं कोणी पुसत नाही!”

त्याचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं. घरी येऊन नियम बघितले, तर तो बरोबरच होता. भाड्याने माणसं किंवा माल नेणाऱ्या गाडीची तंदुरुस्ती तपासणी, म्हणजे आपलं ‘पासिंग’, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. घरगुती गाडीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासतात, आणि नुसता नंबर टाकला की मागच्या तपासण्यांचे निकाल कोणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. किती अंतर चालली तेसुद्धा! आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या गाडीचा इतिहास आपणच कागदांवरून जुळवायचा.

त्याच चालकाने जाता जाता आमच्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं होतं. आतल्या बाजूला ऑईल बदलल्याची जुनी चिठ्ठी चिकटलेली, तिच्यावर लिहिलेलं: ‘पुढचं ऑईल ६८,००० ला’. आणि मीटर म्हणत होतं बेचाळीस हजार! हे गप्पच झाले.

मग संध्याकाळी मी सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, मालक कितवा, बँकेचं कर्ज आहे का, हे त्यात कळतं. आमच्या ‘एकाच मालका’चा क्रमांक निघाला तिसरा.

दुसऱ्या दिवशी मागच्या तीन वर्षांचे विम्याचे कागद मागितले. विमा हा मोठा बोलका कागद असतो, बरं का! वर्षभरात नुकसानीची मागणी केली नाही की मालकाला पुढच्या हप्त्यात सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ती वीस टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर जाते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे, त्यामुळे ती आपल्याला मिळत नाही आणि तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही. पण जुन्या गाडीच्या कागदावर तिथे शून्य दिसलं, तर ‘का?’ एवढं विचारायलाच हवं. आमच्या कागदावर शून्य होतं आणि मधलं एक वर्ष विमाच नव्हता. विचारल्यावर त्या गृहस्थांनी सांगितलं की गाडी एकदा वळणावर कलंडली होती आणि पुढची बाजू बदलून घेतली होती. आधी का नाही सांगितलं? “तुम्ही विचारलंच नाही!”

आम्ही गाडी घेतली नाही. ते लोक महिनाभर ह्यांच्याशी धड बोलले नाहीत. “गाडीतलं बायकांना काय कळतं,” हेही ऐकून घेतलं. मला इंजिनातलं खरंच काही कळत नाही. पण तारखा वाचता येतात, आणि दोन कागद शेजारी ठेवून पाहता येतात. तेवढं पुरलं.

तुम्हीही हे एवढं करा:

१. इसार देण्याआधी आरसी बघा. त्यावरचा चासीस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.

२. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून, बँकेचा दाखला हातात आल्यावरच पैसे द्या.

३. सर्व्हिसच्या पावत्या, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, ऑईलची चिठ्ठी यांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे कागदावर मांडा. आकडा मागे गेला की समजा!

४. गोंदियाकडे बालाघाट आणि राजनांदगावच्या गाड्या स्वस्तात विकायला येतात. त्यांना तिथल्या आर.टी.ओ.चं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो किमतीत धरा.

५. गाडी भरवशाच्या मेकॅनिकला दाखवा. त्याला विकणाऱ्याने नव्हे, तुम्ही निवडा.

६. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करून घ्या. आणि तुम्ही विकणार असाल तर जास्तच जपा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची.

फाल्गुनात आम्हाला दुसरी गाडी मिळाली. एका निवृत्त शिक्षकांची, रंग जरा उडालेला. त्यांनी न मागता पावत्यांची फाईल पुढे ठेवली, वर्षवार लावलेली. सासूबाई म्हणाल्या, “घे गं, ज्यानं कागद असे जपले त्यानं गाडीही जपली असेल.” आता त्या मागच्या सीटवर पाय पसरून नागपूरला जातात, आणि ती फाईल माझ्या कपाटात रेशनकार्डाशेजारी असते.