पेत्राची तलवार व तिचे म्यान

धर्मग्रंथांचा अर्थ लावताना विद्वान लोक मोठमोठ्या शब्दांचा खल करीत बसतात आणि लहान शब्दांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु अनर्थ होतो तो पुष्कळदा लहान शब्दांच्या आडोशानेच. बायबलातील 'म्यान' हा असाच एक शब्द आहे. येशूस धरावयास शिपाई आले त्या रात्री पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या मल्ख नावाच्या चाकराचा उजवा कान छाटला आणि येशूने त्यास तलवार म्यानात घालावयास सांगितले, ही योहानाच्या शुभवर्तमानातील कथा आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ह्या आज्ञेवर एक पक्ष असा कोटिक्रम करतो की, येशूने तलवार म्यानात घाल म्हटले, फेकून दे म्हटले नाही. म्यानातील शस्त्र हे पुढील प्रसंगासाठी राखलेले असते. सबब धर्मासाठी शस्त्र धरण्याचा अधिकार येथे काढून घेतलेला नसून जपून ठेवला आहे. वरवर पाहता हे बिनतोड दिसते. परंतु ज्या ग्रंथातील शब्द, त्याच ग्रंथातील त्याचा वापर पाहावा, हा अर्थनिर्णयाचा पहिला नियम ह्या मंडळींनी पाळलेला नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम शब्दच पाहू. हिब्रू भाषेत म्यानास दोन शब्द आहेत. एक 'तआर', ह्याचाच दुसरा अर्थ वस्तरा. दुसरा 'नादान', ह्याचे मराठीतील 'नादान'शी काही नाते नाही, तर प्राचीन इराणी भाषेतून तो हिब्रूत आला असे भाषापंडित मानतात, आणि त्या इराणी शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे आपले संस्कृत 'निधान'. योहानाने वापरलेला ग्रीक शब्द 'थेके' हाही त्याच 'धा', म्हणजे ठेवणे, ह्या धातूच्या कुळातला. तेव्हा म्यान म्हणजे वस्तूची ठेवण्याची जागा. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर ह्या प्रसंगी म्यानाचे नावच नाही. तलवार तिच्या 'जागी' परत ठेव, एवढेच तेथे सांगितले आहे.

हाच शब्द दानीएलाच्या सातव्या अध्यायात अरामी भाषेत मनुष्यदेहास लावलेला आहे. भयंकर स्वप्न पाहून दानीएलाचा आत्मा आपल्या म्यानात व्यथित झाला, असे तेथे म्हटले आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे सरळ 'देह' हा शब्द घातला आणि मूळची प्रतिमा वाचकांच्या दृष्टीआड झाली. आमच्याकडील काही उत्साही मंडळींस मात्र ती सापडताच वेदान्तातील पंचकोश आठवतात. त्यांस आमची एवढीच विनंती की, घाई करू नये. कोश हे विवेकाने बाजूस सारून पलीकडे जावयाचे. दानीएलाचे म्यान हे आत्म्याचे ठिकाण आहे. तुलनाच करावयाची तर बृहदारण्यकातील क्षुरधानाची, म्हणजे वस्तऱ्याच्या घराची, उपमा अधिक जवळची आहे. पण सादृश्य म्हणजे ऋण नव्हे.

आता तलवारीकडे वळू. जुन्या करारात परमेश्वराची तलवार बाहेर येते ती न्यायनिवाड्यासाठी. यहेज्केलाच्या एकविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाविरुद्ध ती उपसतो आणि ती परतणार नाही असे बजावतो. यिर्मयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात पलिष्ट्यांवर कोसळलेल्या तलवारीस म्यानात जाऊन विसावा घेण्याची विनवणी केली जाते. पण धन्याची आज्ञा असता ती विसावेल कशी, असे उत्तर लगेच येते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दावीदाच्या शिरगणतीपायी 70,000 माणसे मरीने मरतात. यरुशलेमवर देवदूत नागवी तलवार धरून उभा राहतो. आणि अर्णान यबूशाच्या खळ्यात दावीदाने यज्ञ केल्यावर परमेश्वराच्या आज्ञेने ती तलवार म्यानात जाते. पुढे मंदिर उभे राहिले ते ह्याच खळ्यावर. म्यानात तलवार जाणे म्हणजे तेथे क्रोधाची समाप्ती आणि दयेचा आरंभ. पुढच्या मोहिमेची तयारी नव्हे. 'राखून ठेवलेल्या' तलवारीचेच चित्र ज्यांस पाहिजे असेल त्यांनी शमुवेलाचे दुसरे पुस्तक उघडावे. यवाबाची तलवार गिबोनाजवळ म्यानातून गळून पडली आणि तिनेच त्याने कुशल पुसता पुसता अमासाचा घात केला!

ही परंपरा ध्यानात घेऊन त्या बागेत परत यावे. येशूने आज्ञेबरोबर कारणही दिले आहे. योहानाप्रमाणे, पित्याने दिलेला प्याला आपण प्यायलाच पाहिजे. मत्तयाप्रमाणे, तलवार धरणारे तलवारीनेच नाश पावतील. योग्य वेळ अजून आलेली नाही, हे कारण कोठे आहे?

असे असता तलवार राखून ठेवणाऱ्यांचा पक्ष उभा राहिला तो शब्दांच्या शिवणकामावर. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप ह्याच्याशी चाललेल्या कलहात आठव्या बोनिफास पोपने 1302 साली काढलेल्या आज्ञापत्रात असे प्रतिपादन केले की, प्रभूने पेत्रास 'तुझी' तलवार म्यानात घाल म्हटले, त्या अर्थी ऐहिक सत्तेची तलवारही पेत्राच्या गादीचीच. ती राजांनी धर्मगुरूंच्या इशाऱ्याने चालवावी. बाराव्या शतकात क्लेअरवोच्या बर्नार्डने हेच वाक्य ह्याच कामी आणले होते. परंतु मूळ पाहावे तो काय दिसते? मत्तयात 'तुझी' आहे पण म्यान नाही. योहानाच्या प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत म्यान आहे पण 'तुझी' नाही. दोन ठिकाणचे दोन तुकडे जोडून जे वाक्य तयार झाले त्यावर राजसत्तेवरील हक्काची इमारत चढविली गेली! आज्ञापत्रास वर्ष होते न होते तोच 1303 साली फिलिपच्या माणसांनी अनान्यी येथे त्याच पोपास कैद केले. तलवार कोणाचे ऐकते ते तेथे दिसून आले.

कोणी म्हणेल, लूकाच्या शुभवर्तमानात शिष्यांजवळ दोन तलवारी होत्या आणि येशूने त्या पुरेत म्हटले. खरे; पण त्याच अध्यायात त्यातली एक चालताच त्याने तो प्रकार थांबविला आणि कान बरा केला. राज्यकर्ता तलवार व्यर्थ धरीत नाही असे पौल रोमकरांस लिहितो, हेही खरे. पण ती राज्यकर्त्याची, शिष्याची नव्हे. उलट, पेत्राची तलवार काढून प्रभूने प्रत्येक सैनिकास निःशस्त्र केले असे टर्टुलियन म्हणतो, तेव्हा तो एका शिष्याच्या आज्ञेतून साऱ्या सैन्यांचा नियम काढतो, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्याचा दोष अतिशयोक्तीचा; दुसऱ्या पक्षाचा दोष विपर्यासाचा.

हा वाद केवळ ख्रिस्ती लोकांचा आहे असे समजून आमच्या वाचकांनी स्वस्थ बसू नये. कोणत्याही धर्माच्या ग्रंथातून शस्त्राचा परवाना काढू पाहणारे लोक प्रथम एखाद्या लहान शब्दाचीच मोडतोड करतात. शब्दाचा अर्थ शिष्यास शांत करतो की त्याच्या हाती पाते देतो, एवढे तरी प्रत्येक सुशिक्षिताने मूळ संदर्भ उघडून स्वतः पाहावे. बायबलाच्या भाषेत तलवारीस घर आहे आणि त्या घराचे नाव म्यान आहे. बाहेर असणे हा तिचा अपवाद. आणि तो अपवाद करण्याचा हुकूम पेत्रास त्या रात्री कोणी दिलेला नव्हता.