मच्छरदाणीची कड

बोईसरमध्ये सगळे एका वेळी कधीच झोपत नाहीत. तारापूर एमआयडीसीतला फर्स्ट शिफ्टवाला पहाटे उठतो, सेकंडवाला अकरानंतर घरी येतो आणि नाइटवाला सकाळी पडदे ओढून झोपतो. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून चर्चगेटला नोकरी करणाऱ्यांचे गजरही चारला वाजू लागले. अशा गावात मांजर पाळलं, की त्याला घरातल्या प्रत्येकाची झोपेची वेळ पाठ होते. आमच्या मनीला आहे.

सासूबाई साडेनऊला अंथरुणावर पडतात. मनी त्यांच्या आधी खाटेपाशी हजर असते. आमच्याकडे मच्छरदाणीशिवाय झोप नाही. चारी कडा गादीखाली खोचून झाल्या, की ही बाहेरून जाळीवर पंजा ठेवते, नखं आत ठेवून, आणि एकदाच ‘म्यांव’ म्हणते. कड उचलली तरी लगेच आत येत नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून मिशा पुढे काढून अंदाज घेते. तेवढ्यात डास शिरतात. ‘ये गं बाय, ये लवकर,’ म्हणत सासूबाई तिला आत ओढून घेतात. मग गोधडी मळणं सुरू होतं. एक पंजा, दुसरा पंजा, डोळे अर्धवट मिटलेले, घशात घुरघुर. पिल्लू असताना दूध उतरावं म्हणून तिचे पंजे आईच्या पोटावर असेच चालायचे. मोठेपणीही निर्धास्त वाटलं, की मांजर तेच करतं. त्या गोधडीचा एक कोपरा पार उसवलाय, आणि सासूबाई तो कुणाला शिवू देत नाहीत.

यांची सेकंड शिफ्ट असली, की अकराच्या सुमारास ती खाटेवरून उतरून दाराशी जाऊन बसते. आधी बूट हुंगते. हे कामाला केमिकल कंपनीत, त्यामुळे कपडे बदलून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तिला उचलत नाहीत. मांजर अंगाला लागलेलं सगळं जिभेने साफ करतं; केसांवर पडलेली पावडर थेट तिच्या पोटात जाते. तारापूर पट्ट्यात मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने एवढं पाळायलाच हवं. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये, मांजराचा एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

यांचं जेवण होईपर्यंत ती पाटाशेजारी बसून राहते. सातपाटीचे ओले बोंबील आणलेले असतील तर बिनमिठाचा उकडलेला तुकडा तिच्यासाठी वेगळा ठेवलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद. तेव्हा घरात सुकट असते, पण खारट. ती भिजवून, पाणी बदलून मगच तिला द्यायची.

मांजर आपमतलबी असतं, असं लोक म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. झोपताना ती चिकटते त्यात उबेचा भाग आहे, हे खरं. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस, आणि त्याला सुखाची वाटते ती हवाही तिशीच्या पुढची. आपण पंख्याखाली आरामात असतो तेव्हा ती गारठलेली असते. पण निव्वळ ऊबच हवी असती तर फ्रिजच्या मागची जागा तिला पुरली असती. पोट भरलेलं असताना, घरभर मऊ जागा असताना ती माणसाच्या मानेशी येते आणि गालावर गाल घासून आपला वास लावते. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. इतका जुना हा शेजार आहे. पहाटे साडेचारला ती नाकावर पंजा ठेवून उठवते, तो हट्टही तितकाच जुना. उंदीर अंधुक उजेडात बाहेर पडतात, म्हणून तिची शिकारीची वेळ तीच.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. इथे भाड्याच्या खोल्या सतत बदलतात. कुणाची बदली होते, कुणी काम सुटलं म्हणून गावी जातं. टेम्पोत कपाट चढतं, गादी चढते, मांजर राहतं. आमच्या चाळीत असं एक पांढरं-करडं मांजर होतं. रात्री अकराला कंपनीची बस आली, की ते कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसायचं. त्याच्या माणसाची सेकंड शिफ्ट असायची. खायला आम्ही घालत होतो, पण ते खाऊन परत तिथेच जायचं. ‘मांजर काय, कुठेही जगतं,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या दाराशी यायला हवं होतं.

खोली सोडणार असाल तर मांजरालाही सोबत घ्या. झाकणाची, हवा खेळती राहील अशी टोपली पुरते. आत तुमची न धुतलेली चादर घाला, तिचा वास ओळखीचा असतो. नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर ते जुनं घर शोधत निघतं. मादी असेल तर पाच-सहा महिन्यांची होताच डॉक्टरांकडून नसबंदी करून घ्या. आणि न्यायला खरोखरच जमणार नसेल, तर मालकाच्या हातात चावी देण्याआधी त्याच्यासाठी घर शोधा.