मुलांची छायाचित्रे आणि पालकांची संमती

गुढीपाडव्याला डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते. शेजारच्या ठाकुर्लीहूनही शिवबा-जिजाऊंच्या वेशातील मुले तेथे जातात, आणि यात्रा संपण्यापूर्वीच त्यांची छायाचित्रे आप्तांच्या, सोसायटीच्या व शाळेच्या व्हॉट्सॲप गटांवर पोचलेली असतात. कौतुकात वावगे काही नाही. परंतु छायाचित्राखाली मुलाचे नाव, इयत्ता, कित्येकदा इमारतीचे नावही असते. जूनमधील शाळेच्या पहिल्या दिवसाच्या छायाचित्रात तर गळ्यातील ओळखपत्रच वाचता येते. एवढी माहिती स्थानकाच्या फलाटावर कोणा अनोळखी माणसाने विचारली असती, तर आपण त्यास हटकले असते.

पूर्वी फिल्मच्या एका रोलवर छत्तीस छायाचित्रे निघत. धुण्याछापण्याला पैसे पडत. आल्बम कपाटात राही व पाहुण्यांपुरता बाहेर येई. त्या काळी मुलांचे खासगीपण जपले गेले, याचे श्रेय पालकांच्या विचारीपणापेक्षा छपाईच्या दराला अधिक आहे. आता प्रत फुकट झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होय. कौतुक पालकांच्या पदरी पडते. आंघोळीच्या छायाचित्रावरून वर्गात होणारी चेष्टा मात्र दहा वर्षांनी मुलास सोसावी लागते.

कायद्याचा येथे फारसा आधार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. पण व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर त्याच कायद्याने कक्षेबाहेर ठेवला आहे. पालक हा मुलाचा राखणदार, हे त्यात गृहीत धरलेले. कुंपणच शेत खाते असे म्हणणे कठोर होईल, तथापि फाटक उघडे टाकणारे आपणच आहोत. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेचे रक्षण ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरविली, आणि वय व समज पाहून मुलासही त्या निर्णयात सहभागी करावे असे सांगितले.

घरोघरी पोलीस धाडणारा कायदा येथे यावा, असे मला वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलास ‘हा फोटो आत्याला पाठवू का?’ असे विचारण्यास कायदा लागत नाही, आणि ते ‘नको’ म्हणाले तर आत्याही रागावणार नाही. शाळांनी मात्र प्रवेश-अर्जात स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांसाठी संमतीचा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तो कोरा राहिल्यास नकार समजावा.