विश्लेषण : हळदीची गोळी, उंदीर आणि माणसाचे यकृत

नवी दिल्ली : हळदीचा अर्क किंवा कर्क्युमिन असलेल्या गोळ्यांमुळे क्वचित प्रसंगी यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. त्याआधी २०२२ मध्ये इटलीने अशा गोळ्यांच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना बंधनकारक केली होती. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकात असलेली हळद अपायकारक कशी ठरते, याच्या उत्तराचा मोठा भाग यकृतपेशींत दडला आहे.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असते. आतड्यातील व यकृतातील विकरे त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून शरीराबाहेर काढण्याजोगे करतात. हे काम सर्व प्राण्यांत सारखे होत नाही. मांजराच्या यकृतात ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोडणी इतकी दुबळी असते की पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की, कर्क्युमिनवरील ही प्रक्रिया माणसाच्या आतड्याच्या नमुन्यांत उंदरापेक्षा कितीतरी अधिक होते, यकृताच्या नमुन्यांत मात्र कमी.

बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ चा प्रयोग याहून बोलका आहे. मिरीतील पिपेरिन सोबत दिल्यावर कर्क्युमिनची जैवउपलब्धता उंदरांत १५४ टक्क्यांनी, तर माणसांत २००० टक्क्यांनी वाढली. दोन्हीकडील मात्रा भिन्न असल्याने आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे; पण उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणारा पुरता फसला असता. आज तोच दोन हजारांचा आकडा जाहिरातीत मिरवला जातो. पिपेरिन कर्क्युमिनचा निचरा करणारी यकृताची यंत्रणाच मंदावते, हे मात्र तेथे क्वचितच सांगितले जाते.

माणसामाणसांतही फरक आहेच. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील हळदजन्य यकृतविकाराच्या दहा रुग्णांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय रूप आढळले. एक रुग्ण दगावला. निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यात असा धोका दिसणे कठीण.

भारताने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी मानवी पेशी, त्यांपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव व अवयव-चिप यांवरील चाचण्यांना वाट मोकळी केली. निर्णय स्वागतार्ह असला तरी तो नव्या औषधांपुरता आहे. कर्क्युमिनच्या गोळ्या बहुतांशी पूरक आहार म्हणून किंवा आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जातात आणि त्यांना नव्या औषधाच्या चाचण्यांतून जावे लागत नाही. निदान पिपेरिन घातलेल्या गोळ्यांसाठी तरी उत्पादकाकडून मानवी यकृतपेशींवरील चाचणीचा अहवाल मागितला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही; तंत्र उपलब्ध आहे आणि नियमांनी ते औषधांसाठी मान्यही केले आहे.