जमिनीखालचा मनोरा

इंदूरच्या आकाशवाणी केंद्राला २२ मे २०२५ रोजी सत्तर वर्षे पूर्ण झाली. होळकरांच्या या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने असल्याने त्या केंद्राविषयी आपल्यालाही आपुलकी आहे. रेडिओ म्हटला की डोळ्यांसमोर मनोरा उभा राहतो. तो ज्यावर उभा असतो ते मात्र कोणाच्याच नजरेस पडत नाही. आज त्याविषयी थोडे लिहावयाचे आहे.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तेथे पाया या हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे खांब जमिनीत उतरवावे लागतात. तोच आराखडा कोकणातल्या जांभ्यावर जसाच्या तसा उतरवणे हा शुद्ध अडाणीपणा होय. आपल्याकडे जमीन तितकी दगा देत नाही. दगा देते ती खारी हवा.

वारा मनोऱ्याला रेटतो तेव्हा एका बाजूचा पाय जमिनीत रुततो, तर दुसऱ्या बाजूचा उपटला जाऊ पाहतो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो सळयांनी सोसावयाचा असतो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. यास्तव भारतीय मानक ४५६ ने सळईवरील काँक्रीटचे आवरण ठरवून दिले आहे. उघड्यावरच्या काँक्रीटला साधारण हवेत ३० मिलिमीटर, किनाऱ्यावर ४५, लाटांचे तुषार उडत असतील तर ५०. आणि पायाला कोठेही ५० पेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात मात्र सळयांच्या जाळीखाली विटेचा तुकडा सरकवला की काम भागले, अशी समजूत आढळते.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले. तो मनोरा नव्हता. पण तज्ज्ञांच्या तपासणीत त्याचा पायाच अपुरा आढळला. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरावा, असे मानक ८७५ सांगते. आकडा छापील होता, सर्वांना उपलब्ध होता.

काँक्रीट ओतल्यावर आतल्या सळया मोजणे दुरापास्त होते. तेव्हा ओतण्यापूर्वीच ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याने सळयांची संख्या, जाडी, अंतर व आवरण मोजून सहीनिशी नोंद करावी, आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी उतरल्याखेरीज मनोऱ्याचे लोखंड चढवू नये. मनोऱ्यासाठी ना-हरकत पत्र देणाऱ्या ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी हीच अट घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ठेकेदार कुरकुर करील, काम महिनाभर लांबेल. लांबू द्यावे.