गटारी, पण सगळ्यांची

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. पहिली ते दहावी वर्गात मराठी बोललं की फाइन भरावा लागायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादकांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र अस्सल आपला आहे. गटारी!

आषाढ संपत आला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक सबमिशनची बोंब आणि दुसरी म्हणजे 'गटारीला कुठे?' हा मेसेज. उत्तर ठरलेलंच असतं. कसारा लाइनला एखादं फार्महाउस, माणशी कॉन्ट्री, चिकन, बाटल्या आणि जमलंच तर धबधबा. म्हणजे थोडक्यात माझ्या गावाकडे. मी खर्डीची. तुमच्यासाठी हे कसाऱ्याच्या अलीकडचं, डुलकी लागली की निघून जाणारं स्टेशन आहे, मी मात्र रोज तिथूनच येते आणि तिथेच जाते. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये काय काय चालतं हे मला कोणी सांगायची गरज नाही.

आता 'ही दारूवर लेक्चर देणार' असं समजून पान उलटू नका. मला बोलायचंय ते यादीबद्दल. गटारीचा मेसेज नक्की कोणाकोणाला जातो? मुलींना जात नाही (आम्ही 'कशाला येतील' या सदरात!). जैन मित्राला जात नाही, तो काय खाणार? होस्टेलवरच्या उत्तर प्रदेशच्या मित्राचा सावन चालू असतो, त्याला वगळा. मुस्लिम मित्राला चिकनचं विचारतात, पण बाटल्यांचं ऐकून तोच काहीतरी कारण सांगतो. आणि एक जण असतो, ज्याच्या घरी नेमकं त्याच दिवशी 'काम निघतं'. ते काम म्हणजे कॉन्ट्रीची रक्कम, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. उरले चार जण. त्याला आपण 'ग्रुपची गटारी' म्हणतो.

गंमत म्हणजे त्याच दिवशी घरी एक दुसराच सण असतो. आषाढ अमावास्या म्हणजे दीप अमावास्या. घरातल्या समया, निरांजनं, माळ्यावरचे कंदीलसुद्धा खाली काढायचे, चिंच लावून घासायचे, पाटावर मांडून पूजा करायची. कणीक आणि गुळाचे दिवे उकडायचे, ते पेटवून नैवेद्य दाखवायचा आणि मग तेच तूप घालून खायचे. 'गतहारी'वरून गटारी शब्द आला असं काही जण सांगतात, ते खरं-खोटं भाषावाले जाणोत. पण आमच्या भागात वाटणी सरळ आहे. दिवे बायकांचे, कोंबडी पुरुषांची. बाई सकाळी दिवे घासते, दुपारी वाटण वाटते, संध्याकाळी भाकऱ्या थापते आणि सगळ्यात शेवटी जेवते. मजा कोणाची झाली ते तुम्हीच सांगा.

माझं म्हणणं असं की हा सण मित्रांबरोबर साजरा करायला एकदम फिट आहे, फक्त तो पूर्ण करा, अर्धा नको. हे मी हवेत बोलत नाही. २०२४ साली दीप अमावास्या ४ ऑगस्टला रविवारी आली होती. दुसऱ्या दिवशी श्रावण आणि पहिलाच श्रावणी सोमवार. लावणी उरकली होती, घरच्यांना जरा उसंत होती. आम्ही नऊ जणांनी खर्डीला आमच्या घरी जेवायचं ठरवलं. मेसही रविवारी रात्री बंद, त्यामुळे होस्टेलवाल्यांना तर आग्रहच करावा लागला नाही.

ठरवताना पहिल्यांदा कळलं की एक जेवण जमवणं म्हणजे टाइमटेबल लावण्यापेक्षा कठीण! उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. म्हणून त्या मित्राचा सावन २२ जुलैलाच लागला होता. आम्ही 'श्रावणाच्या आधी खाऊन घेऊ' म्हणत होतो तेव्हा तो श्रावणात दोन आठवडे आत होता! जैन मित्राचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा बाद आणि सूर्यास्तानंतर जेवण बाद. मुस्लिम मित्राला हलाल हवं. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक, परतीच्या गाड्यांचा भरवसा नाही.

सूर्यास्ताचा प्रश्न सगळ्यात अवघड वाटला होता, कारण दिवे लागणार संध्याकाळी आणि दिव्यांच्या पूजेआधी जेवायचं कसं? तो आईने दोन मिनिटांत सोडवला. कॅलेंडरमध्ये अमावास्याच पावणेपाचच्या सुमाराला संपत होती. म्हणाली, "मग पूजा चारलाच करू की. आणि पावसाने अंधार केलाच आहे, आणखी कोणता पाहिजे?" चार वाजता दिवे लागले. साडेपाचला पंगत बसली. दुपारचं नाही आणि रात्रीचं नाही, असलं जेवण आयुष्यात पहिल्यांदा जेवले. एकासाठी नऊ जण लवकर जेवले, पण लवकर जेवल्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

आत शेगडीवर वरण-भात, कांदा-लसणाशिवाय दुधीची भाजी आणि दिवे. मागच्या पडवीत चुलीवर कोंबडीचा रस्सा. कोंबडी कुठून घ्यायची ते आमच्या मुस्लिम मित्रालाच ठरवायला सांगितलं, त्यामुळे तो प्रश्नच संपला. कोणाला नैवेद्याचं चालत नसेल तर म्हणून आईने चार दिवे नैवेद्याआधीच बाजूला काढून ठेवले होते. याबद्दल कोणी भाषण केलं नाही.

कामं मात्र मी वाटली, आणि मुद्दाम उलटी वाटली. मुलांना दिवे घासायला बसवलं. मेकॅनिकलवाल्यांनी एका समईच्या घडीवर अर्धा तास चर्चा केली, पण घासली चकाचक. चुलीपाशी आम्ही मुली. तांदळाच्या भाकरीची उकड मळायला सगळ्यांनी हात लावला आणि जे नकाशे तयार झाले ते आम्हीच खाल्ले, आईला शेवटी एकटीला नाही ठेवले. ती आमच्याबरोबर पंगतीत बसली. मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मित्राच्या घरी सण करायचा आणि त्याच्या आईला दिवसभर राबवायचं, तर मग फार्महाउसच बरं. तिथल्या आचाऱ्याला निदान पगार असतो.

पैशांचंही तसंच. कॉन्ट्री काढलीच नाही. कोणी तांदूळ आणले, कोणी तेल, कोणी तूप, एकाने नुसती कोथिंबीर आणि लिंबं. कोणी किती रुपयांचं आणलं हे मोजायची सोयच नव्हती, आणि ज्याच्या घरी नेहमी 'काम निघतं' तो सगळ्यात आधी हजर होता.

यावर मला मिळालेलं उत्तर : "इतकं अ‍ॅडजस्ट करायचं तर एन्जॉय कधी करायचं?" प्रश्न खरा आहे. आमच्या शाळेत ख्रिसमसला सगळ्यांना प्लम केकचा सारखा तुकडा मिळायचा. फार छान वाटायचं. पण वर्गात चार-पाच मुली तो रुमालात बांधून घरी न्यायच्या आणि तिथेही खायच्या नाहीत, कारण केकमध्ये अंडं. सगळ्यांना एकच पदार्थ वाढला की समानता झाली असं शाळेला वाटायचं. मला वाटतं पदार्थ वेगळे चालतील, बसायची वेळ एक हवी. वेळ जुळवण्यात जी डोकेफोड होते ना, तिच्यात आम्हाला एकमेकांबद्दल जेवढं कळलं तेवढं दोन वर्षं एका बेंचवर बसून कळलं नव्हतं.

आणि धबधब्याबद्दल एकच. दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात ते उगाच नाही. २०२१ च्या जुलैत आमच्या शेजारच्या उंबरमाळी स्टेशनात पाणी पार प्लॅटफॉर्मला टेकलं होतं, गाड्या बंद पडल्या होत्या. तानसा, भातसा, मध्य वैतरणा या धरणांतून मुंबई पाणी पिते ते याच पावसाचं. वर डोंगरात कोसळलं की खाली ओढ्याला ते कळायला वेळ लागत नाही. प्यायलेल्या माणसाला मात्र लागतो. गावातले लोक शोधायला उतरतात तेव्हा त्यांचीही गटारीच असते.

२०२५ ला अमावास्या गुरुवारी आली, अर्ध्यांचा गुरुवारचा उपास, बेत बारगळला. २०२६ ला मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १२ ऑगस्टवर गेली आहे, बुधवारी. बुधवारी प्रॅक्टिकल बुडवून कोणी येणार नाही, म्हणून आदल्या रविवारी, ९ तारखेला. दिवे तेव्हाच घासू, पूजा आई बुधवारी करेल, तिने परवानगी दिली आहे. येणाऱ्याने आपापल्या वाटणीचे तांदूळ आणावेत आणि घासायची तयारी ठेवावी. आणि हो, गाडी कसाऱ्याची पकडा. आसनगाव लोकलमध्ये बसलात तर आसनगावलाच उतरावं लागेल आणि पुढच्या गाडीला बराच वेळ आहे.