फॉरमॅट मारण्याआधी...

घरचा पीसी सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो? मग कुणीतरी मित्र सांगतोच, ‘फॉरमॅट मार रे!’ जरा थांबा. आधी प्रोजेक्ट आणि फोटो पेनड्राइव्हवर घ्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘स्टार्टअप’मधले नको असलेले प्रोग्राम डिसेबल करा. पीसी चालू होताच गर्दी करतात ते हेच. न खेळले जाणारे गेम काढा, डिस्क क्लीनअप चालवा.

अँटिव्हायरस विकतच घ्यायला हवा असं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर फुकट मिळतो. तो चालू ठेवा. पण फुकटच्या नादात क्रॅक सॉफ्टवेअर टाकू नका. त्यासाठी बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोरासाठी आपणच कडी काढायची! त्याच पीसीवर बाबा बँकेचा पासवर्ड टाकतात, हे लक्षात असू द्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर ११ चालत नसेल, तर मोफत मिळणारं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघा. पीसी भंगारात देण्याआधी त्याला एक रविवार तरी द्याल ना?